सोमूच्या कांजिण्या

सोमूचं बोरनहाण थाटात झालं, तर प्रमिलाकाकूंच्या पदरात काय काय पडेल, हे मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून मनातल्या मनात मांडून पाहिलं होतं. सगळ्यात आधी काकूंच्या यजमानांची, उपळेकरसाहेबांची मुदतवाढ. साहेब साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर, मार्चअखेर रिटायर होणार होते. मुदतवाढीच्या मागोमाग क्वार्टर, क्वार्टरच्या मागोमाग अंगणातला पेरू, आणि पेरूच्या मागोमाग कॉलनीच्या महिला मंडळाचं अध्यक्षपद. त्यासाठी लागणार काय होतं? एमडींच्या मिसेस, म्हणजे ताईसाहेब, काकूंच्या सोफ्यावर तासभर टेकायला हव्या होत्या, बस्स. मुदतवाढीच्या कागदावर सही एमडींची असते, पण एमडींचं पेन कुठे उठतं आणि कुठे बसतं हे ताईसाहेब ठरवतात, हे कॉलनीत त्या पेरूच्या झाडालाही ठाऊक होतं.

असल्या मांडामांडीबद्दल मला दोष देऊ नका. मी अकौंटंटची बायको. आमच्याकडे वरणभातावर तुपाच्या आधी जमाखर्च पडतो.

काकू परातीत हलवा फिरवत होत्या. मंद शेगडी, साखरेच्या पाकाचे थेंब, आणि खसखशीवर हळूहळू चढणारा काटा. सोमूसाठी मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं हलव्याचं करायचं होतं.

"बोधेवहिनी, हात हलका ठेवा. काटा मोडेल."

"साखर कारखान्याची, काटा तुमचा. मोडणारी मी कोण?"

"थट्टा पुरे. ताईसाहेबांनी येते म्हटलंय. परवा स्वतः सोमूला बंगल्यावर बोलावून घेतलं होतं. त्यांचा नातू वेदांत आणि आपला सोमू, दुपारभर खेळले दोघं! एकाच पिपाणीवर आळीपाळीनं फुंकत होते. भाऊ-भाऊ नुसते!"

एवढ्यात काकूंची सून मंजिरी सोमूला कडेवर घेऊन आली. दीड वर्षाचं गोरंगोमटं पोर, पण नाकाखाली आणि ओठाच्या कोपऱ्यात लाल चट्टे, वर मधाचा थेंब वाळावा तशा पिवळ्या खपल्या. शिवाय तोंडभर गेरू फासलेला. देवळाबाहेरच्या शेंदऱ्या मारुतीला कुणी झबलं घातलंय असं वाटत होतं.

"हे काय हो?" मी विचारलं.

"काल कोळी मुतला होता," काकू परातीवरून नजर न काढता म्हणाल्या. "म्हणून गेरू लावला. पण आज बघते तर ते नव्हे, ताप मुतलाय."

त्या घरात सोमूच्या तोंडावर येईल तो मोकळा होऊन जात होता.

"आई, कालपेक्षा वाढलंय," मंजिरी म्हणाली. "कानामागेही एक उठलंय. दवाखान्यात दाखवून येऊ का?"

"दाखव की. मी कुठे नको म्हणते? फक्त बोरनहाणाच्या आत तोंड स्वच्छ झालं पाहिजे म्हणावं डॉक्टरला. थांब, मीच येते. तुला बोलता येत नाही. वहिनी, तुम्हीही चला."

तर आम्ही तिघी आणि मारुती, कारखान्याच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर वाघचौरे तिथे वर्षभराच्या बोलीवर आले होते. कायम करायचं की नाही, हे एमडी मार्चमध्येच ठरवणार होते. एका मार्चवर अशी दोन घरं डोळे लावून बसलेली. डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि खरं बोलायचे. यातला तिसरा गुण नोकरी कायम व्हायच्या आधी बाळगू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी गेरू पुसला, खपली पाहिली, कान उलटून पाहिला.

"जंतुसंसर्ग आहे. कातडीचा. नाक वाहत होतं ना? तिथं खाजवलं असेल, आत शिरले जंतू. घाबरायचं काही नाही, पण हयगय चालणार नाही. कोमट पाण्यात स्वच्छ कापड भिजवून खपलीवर धरायचं. मऊ झाली की अलगद काढायची आणि खाली हे मलम. पसरलंय, म्हणून पोटातूनही औषध देतो. बाटली पूर्ण संपवायची. नखं कापा, त्याचा टॉवेल वेगळा ठेवा आणि खपल्या जाईपर्यंत त्याला इतर मुलांत सोडू नका."

"मुलांत सोडू नका म्हणजे?" काकूंनी पदर खोचला. "येत्या रविवारी बोरनहाण आहे त्याचं."

"म्हणजे ते बोरं डोक्यावर ओततात ते?"

"बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. आणि ते सगळी मुलं वेचून खातात. कॉलनीतली झाडून सगळी."

डॉक्टरांनी डोळे मिटले. काकूंना वाटलं, त्यांना समारंभ आवडला.

"काकू, याच्या तोंडावरून ओघळलेलं बोर कॉलनीतली झाडून सगळी मुलं तोंडात घालणार?"

"मुकुट जरा खाली ओढीन मी. नाकापर्यंत आणते पाहिजे तर. दिसायचं नाही काही."

"दिसायचा प्रश्न नाही हो! लागण होते. आणि दुर्लक्ष झालं तर कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला त्रास होतो. सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवी गडद लाल-तपकिरी. असं काही दिसलं तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मंजिरीताई, लक्षात ठेवा. बरं, हा कुणाबरोबर खेळला होता?"

"बंगल्यावर!" काकूंचा आवाज एक पायरी वर चढला. "ताईसाहेबांच्या वेदांतबरोबर."

"मग त्यालाही बघायला हवं. त्याला होतं का असं काही?"

"होतं," मंजिरी हळूच म्हणाली. "हनुवटीवर."

"ती ॲलर्जी!" काकू फिस्कारल्या. "बंगल्यावर असलं काही होत नसतं."

डॉक्टरांनी मग बंगल्यावर निरोपही पाठवला, हे मला मागाहून कळलं. उत्तर आलं, ॲलर्जीच आहे, पुण्याचे डॉक्टर बघतात, आपण तसदी घेऊ नये. रोग तोच, पण आमच्या कॉलनीत त्याला हुद्द्याप्रमाणे नाव मिळायचं. बंगल्यावर ॲलर्जी, ऑफिसर्स क्वार्टरात कोळी, आणि मागच्या चाळीत झाला असता तर निव्वळ घाण.

"काकू, बोरनहाण पुढच्या वर्षी करा," डॉक्टर म्हणाले.

"पुढच्या वर्षी हे रिटायर झालेले असतील!"

"त्याचा बोरांशी काय संबंध?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाटीकडे पाहिलं.

"अहो डॉक्टर, ठरलेला समारंभ असा कुणी बंद करतं का? आमंत्रणं गेलीत. बंद करायला काय घरात देवी आल्यात?"

डॉक्टरांचा हात मलमाच्या ट्यूबवर थांबला. त्यांनी सोमूला पुन्हा जवळ घेतलं, खिडकीशी नेलं, हनुवटी वर करून उजेडात पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,

"काकू, तुम्ही म्हणालात म्हणून नीट बघितलं. मला या कांजिण्या वाटतायत."

काकू उभ्या राहिल्या. पायातल्या चपला त्यांनी तिथल्या तिथे काढल्या आणि दीड वर्षाच्या नातवाला वाकून नमस्कार केला.

"बाई गं! आणि मी देवीआईला गेरू फासला!"

मंजिरी डॉक्टरांकडे बघत राहिली. डॉक्टर टेबलावरचा कागद सरळ करत होते. तो आधीच सरळ होता.

दुपारी काकूंच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला आणि बोरनहाण रहित झालं. हलव्याचे दागिने डब्यात गेले. पोर आतल्या खोलीत एकटं, कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही, घरात फोडणी नाही, तळण नाही, मोठ्यानं बोलणं नाही. उपळेकरसाहेब फोडणीविना वरण खाऊन कारखान्यात जाऊ लागले आणि बॉयलरवर चिडू लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं वेगळं ठेवणं काकूंनी ऐकलं नव्हतं. देवीसाठी त्यांनी पोराला असं वेगळं ठेवलं की सरकारी दवाखान्यालाही जमलं नसतं.

डॉक्टर खुशीत होते. मला रस्त्यात भेटले तेव्हा शीळ वाजवत होते. दोनच दिवसांनी मंजिरी मागच्या भिंतीशी आली आणि ती शीळ कशी महाग पडली ते कळलं.

"वहिनी, आई सोमूला अंघोळ घालू देत नाहीत. देवीआईला पाणी चालत नाही म्हणे."

"बरं."

"खपल्यांना हात लावायचा नाही. आईचं लेणं आहे म्हणे."

"आणि औषध?"

"देव्हाऱ्यात आहे. बाटलीपुढे निरांजन लावतात. मलमाच्या ट्यूबला हळदकुंकू वाहिलंय. द्यायचं मात्र नाही. औषध दिलं तर आई कोपते." तिनं मागे वळून घराकडे पाहिलं. "खपल्या गालावर आल्यात वहिनी. पोर रात्रंदिवस खाजवतंय. आणि आई म्हणतात, कशी छान फुललीय बघ! मी खरं सांगितलं तर म्हणतील, बोरनहाणात ताईसाहेब येऊ नयेत म्हणून मीच डॉक्टरला फितवलं. ह्यांना पुण्याला फोन केला तर हे म्हणतात, शनिवारी येतो, तोवर आई म्हणेल तसं कर."

मी तशीच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, "तुमची देवी औषध घेत नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. खोटं होतं म्हणावं, तर काकू एमडींच्या दारात जाणार आणि रविवारी बोरं ओतली जाणार. खरं आहे म्हणावं, तर पोर सडणार. मग त्यांनी बॅग उचलली.

"वहिनी, काकूंचं माहेर कुठलं?"

"मिरज."

"खानदेशात कुणी नातेवाईक?"

"कुणी नाही."

"मग चला."

काकूंनी त्यांना दाराशीच अडवलं. चपला काढायला लावल्या, कातड्याचा पट्टा काढायला लावला. एका हातानं पँट सावरत डॉक्टर आत गेले. सोमूचं तोंड बघून त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला, आणि तो त्यांनी पुन्हा जागेवर बसवला तोही पाहिला.

"काकू, रागावणार नसाल तर बोलतो. तुमच्या पथ्य पाळण्यात चूक होतेय."

"माझ्या?" काकूंच्या घरात उभं राहून असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"मी खानदेशचा. आमच्याकडं आईचं फार कडक असतं. शिळी खपली तिला अजिबात चालत नाही. तिला बसायला दररोज स्वच्छ आसन लागतं. इथं बघा, कालचं आसन, परवाचं आसन. कशी बसेल ती? म्हणून तर ती जागा शोधत गालाकडं निघालीय."

काकूंनी गालावर हात ठेवला. स्वतःच्या. "अगं बाई. मग?"

"कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळायचं. कोमट होऊ द्यायचं. पांढरं सुती कापड त्यात भिजवून खपलीवर धरायचं, आई स्वतःहून उठेपर्यंत. ओढून काढायची नाही. ओढलं तर अपमान होतो."

"दिवसातून कितीदा?"

"तीनदा."

"आणि मग गंध लावायचं असेल ना?" हे काकूंनी स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी आयुष्यात कुणाकडे एवढ्या कृतज्ञतेनं पाहिलं नसेल.

"तेच तर! गंध देव्हाऱ्यातच आहे. ती ट्यूब. हात साबणानं धुऊन लावायचं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. आणि बाटलीतलं तीर्थ. मापाच्या चमच्यानं, मी कागदावर लिहिलंय तेवढंच. वेळ चुकवायची नाही."

"नैवेद्याची वेळ मी आजवर चुकवलेली नाही, डॉक्टर."

"नखं कापायची. आईला नख लागलेलं खपत नाही. टॉवेल सोवळ्याचा. रोज उकळायचा, दुसऱ्या कुणी शिवायचा नाही. आणि मुख्य म्हणजे तीर्थ संपेपर्यंत थांबायचं नाही. चेहरा स्वच्छ झाला म्हणून मध्येच सोडलं, तर..."

"कोपते," काकू म्हणाल्या.

"दुपटीनं कोपते."

बाहेर आल्यावर पट्टा चढवताना मी त्यांना म्हटलं, "काय हो डॉक्टर, हा विषय तुम्हाला कॉलेजात होता?"

"नव्हता वहिनी. म्हणून तर पास झालो."

त्यानंतर काकूंनी जी शुश्रूषा केली, तिला तोड नाही. कोमट पाणी म्हणजे कोमटच. त्या स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या. गंध लावण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायच्या. तीर्थाला गजर लावलेला. एकदा उपळेकरसाहेबांनी चुकून सोमूच्या टॉवेलला तोंड पुसलं, तर त्यांना दुसऱ्यांदा अंघोळ करायला लावली. डॉक्टरनं सांगितलेलं पाळायचं असतं तर त्यांनी वेळ पाहून, जमलं तर, केलं असतं. हे देवीचं होतं.

सोमूचं तोंड आठवड्यात निवळलं. बाटली संपली तेव्हा गाल पूर्वीसारखे, डागसुद्धा नाही. मंजिरी भिंतीशी येऊन नुसतीच हसत उभी राहिली.

काकू मात्र नुसत्या हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. रद्द झालेलं बोरनहाण त्यांच्या मनात डब्यातल्या मुकुटासारखं शाबूत होतं. बोरनहाण रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि देवी येऊन गेल्यावर दहीभात दाखवून तिची बोळवण करावीच लागते. काकूंनी दोन्ही एकत्र केलं. ताईसाहेबांना आता नुसतं आमंत्रण नव्हतं. देवीची पहिली सवाष्ण म्हणून बोलावणं होतं. त्याला नाही कोण म्हणणार? आणि देवीचं शास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. काकूंचं मन मोठं होतं, हे मी कबूल करते. शाल अस्सल होती. मी बोटांनी चाचपून पाहिली.

त्या दिवशी हॉल भरला होता. मधे पाटावर सोमू, हलव्याच्या मुकुटात. भोवती कॉलनीतली पोरं दबा धरून बसलेली. सोफ्यावर ताईसाहेब, आणि त्यांच्या मांडीवर तीन वर्षांचा वेदांत, हातात ती पिपाणी. मागे त्याला सांभाळणारी द्वारका उभी होती.

"वेदांतनं काय बाळसं धरलंय!" काकूंनी सुरुवात केली. "गाल बघा कसे वर आलेत."

"डोळे तर दिसतच नाहीत गालांत," चीफ केमिस्टच्या मिसेस म्हणाल्या.

"आठ दिवसांत अंग धरलंय हो त्यानं," ताईसाहेब समाधानानं म्हणाल्या. "आधी काही खायचा नाही. आताही खात नाही म्हणा, पण अंगाला लागतंय."

पोरं बोरांवर तुटून पडली. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते दाराजवळच्या खुर्चीत होते, समोर तबकात शाल होती, आणि ते शालीकडे बघत नव्हते. ते उठले, सोफ्यापाशी जाऊन खाली बसले आणि वेदांतच्या पायावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथे खळगा राहिला.

"सूज सकाळी जास्त असते का?"

"सूज कसली?" ताईसाहेब म्हणाल्या.

डॉक्टर द्वारकेकडे वळले. "बाई, याच्या लघवीचा रंग कसाय?"

हॉलमधल्या बायकांनी एकदम हलव्यात लक्ष घातलं. समारंभात असं कुणी विचारतं? पण द्वारका बिचारी विचारलेल्याला उत्तर देणारी.

"दोन दिस झालं, मळीच्या पाण्यावानी हाय. म्या बाईसायबांना सांगितलं व्हतं. त्या म्हनल्या, बीट खाल्लं असंल."

कारखान्याच्या कॉलनीत मळीचा काळपट तांबडा रंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"ताईसाहेब, याला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात हलवा. मूत्रपिंडाला त्रास झालाय. बरा होईल, पण आज जायला हवं. मी बरोबर येतो."

ताईसाहेब घाबरल्या, आणि घाबरलेलं दिसू नये म्हणून आधी पदर सारखा केला. मग त्यांची नजर सोमूच्या स्वच्छ चेहऱ्यावर गेली आणि तोंड एकदम उजळलं.

"दवाखाना कशाला? प्रमिलाताईंच्या सोमूला तुम्हीच बरं केलंत ना? ते तुमचं गंध आणि तीर्थ द्या. आम्हीही पाळू. जसं सांगाल तसं, अगदी फोडणीसुद्धा बंद करू."

"बंगल्यावर मी स्वतः येऊन करीन," काकू म्हणाल्या. मुदतवाढ आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. "डॉक्टर, सांगा की त्यांना. रविवारपासून सुरू करू."

डॉक्टरांनी एकदा तबकाकडे पाहिलं. एकदा काकूंकडे. मंजिरीनं मान खाली घातली होती. उपळेकरसाहेब बोरं वेचणाऱ्या पोरांत उगीचच एक बोर शोधत होते. डॉक्टरांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा हिशेब मी तेव्हाही पुरा केला नाही.

"ताईसाहेब, ते गंध नाही. मलम आहे."

काकूंनी आतल्या देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"आणि तीर्थ जंतूंवरचं औषध आहे. ते आधी द्यायचं असतं. आता नुसत्या त्यानं भागणार नाही, रक्तदाब बघावा लागेल, दवाखान्यातच ठेवावं लागेल."

"आणि देवी?" काकूंनी विचारलं.

"देवी आल्या नव्हत्या काकू. मी खोटं बोललो. तुम्ही दुसऱ्या कशानं थांबत नव्हता."

"माझ्या घरात," काकू एकेक शब्द वेगळा काढत म्हणाल्या, "देवी आल्या नव्हत्या?"

"कातडीचे जंतू होते. लागट."

"मग लागले कुठून?" ताईसाहेबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. डॉक्टरांनी उत्तर दिलंही नाही. पण वेदांतनं नेमक्या त्याच क्षणी पिपाणी तोंडाला लावली आणि जोरात वाजवली. हॉलमधल्या प्रत्येकीनं तिच्याकडे पाहिलं. मग प्रत्येकीला त्याच्या हनुवटीवरची ती ॲलर्जी आठवली. मग सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

दहा मिनिटांत गाडी निघाली. डॉक्टर पुढच्या सीटवर बसून गेले. शाल तबकातच राहिली.

वेदांत बरा झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात काही आठवडे अळणी जेवला, सूज उतरली, रंग निवळला. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. हे वाक्य ताईसाहेबांनी स्वतःच्या नावावर घेतलं.

आता तुम्हाला वाटेल, काकूंचं सगळं गेलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी अकौंटंटची बायको असले तरी काकू माझ्यापेक्षा मोठ्या हिशेबी निघाल्या. वेदांतला भेटायला त्या दवाखान्यात गेल्या, मला बरोबर नेलं. ताईसाहेब पडलेल्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. कॉलनीत पिपाणीची गोष्ट घरोघर वाजत होती, आणि ते त्यांना कळलेलं होतं.

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

"ताईसाहेब, मनाला लावून घेऊ नका. तो कालचा पोर काय सांगतो जंतू नि पिपाणी! सोमूकडे आली ती आईच होती. तुमच्याकडेही आईच आली होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून पाळायचं राहिलं, एवढंच. यात बंगल्याला कमीपणा कसला? उलट मान आहे. पहिली तुमच्याकडे आली, मग आमच्याकडे."

ताईसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदाच रंग आला. मी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण आत बघितलं असतं तर हसले असते, आणि ते बरोबर दिसलं नसतं. मुदतवाढीचा कागद माझ्या मते त्याच खाटेच्या कडेला मंजूर झाला.

मार्चमध्ये दोन्ही आदेश एकाच दिवशी आले. उपळेकरसाहेबांना दोन वर्षं. डॉक्टर वाघचौऱ्यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात येत नाही. कारण, रुग्णाच्या नातेवाइकांची दिशाभूल. आमचे हे संध्याकाळी जेवताना म्हणाले, "कारण खोटं नाहीये गं. तीच तर पंचाईत आहे."

डॉक्टरांना सोडायला स्टँडवर मी आणि मंजिरी, दोघीच गेलो. तिच्या कडेवर सोमू होता. डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली, सवयीनं त्याची हनुवटी वर केली, कान उलटून पाहिला.

"डाग नाही राहिला."

"तुमच्यामुळे," मंजिरी म्हणाली.

"छे, काकूंमुळे. मी इतकी वर्षं औषधं लिहून देतोय. एवढं नेमानं पाळलेलं कधी बघितलं नाही." बस लागली. पायरीवर चढताना ते वळून हसले. "वहिनी, पुढच्या ठिकाणी काय सांगू? खरं की खानदेशातलं?"

मी हात हलवला, आणि बस गेटाबाहेर पडली.

आज त्या कॉलनीत कुणाच्या पोराच्या नाकाखाली पिवळी खपली धरली, तर बायका जंतूंचं नाव काढत नाहीत. पण कोमट पाणी करतात, कापड उकळतात, नखं कापतात, टॉवेल वेगळा ठेवतात, आणि डॉक्टरकडून आणलेलं गंध हात धुऊन लावतात. याला उपळेकरकाकूंचं पाळणं म्हणतात. त्यानं पोरं बरी होतात.

तेव्हा ताळा असा. सोमूला चेहरा मिळाला, वेदांतला जीव. उपळेकरांना दोन वर्षं आणि पेरू. ताईसाहेबांना अब्रू परत मिळाली, देवीला दहीभात मिळाला. काकूंना अध्यक्षपद मिळालं, आणि पहिल्याच सभेत त्यांनी ताईसाहेबांचा सत्कार केला. तबकातली शाल मी लगेच ओळखली. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. जिच्या खांद्यावर पडली, तिला सोडून बाकी सगळ्यांना ती कुणासाठी आणली होती ते आठवत होतं. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. एवढ्या सगळ्या जमेपुढे खर्चाला एकच माणूस पडला, आणि तो गावातला नव्हता.